अंगठ्याचा डाग

३ जून

आत्या,

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून तुझ्या वतीने बाबा बोलतात, आणि बाबांचं वाक्य ठरलेलं आहे: "सगळं छान चाललंय." त्या एका वाक्यात आईची तब्येत, तुझी तब्येत, गळका नळ, सगळं बसतं. म्हणून पत्र.

माझं काम आता खऱ्या अर्थाने सुरू झालंय. विषय सोपा करून सांगते. तुला गरज नाही, पण तू आईला वाचून दाखवशीलच. दोन दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे दोन घोळके, एकमेकींच्या जवळून गेल्या किंवा एकमेकींत शिरल्या, तर त्यांच्या आकाराचं काय होतं? हा सगळा कोट्यवधी वर्षांचा मामला, बघत बसायची सोय नाही. एकेका जोडीचं एकच चित्र आमच्या हाती येतं, लग्नाच्या अल्बममधलं एकच पान मिळावं तसं. आधी काय घडलं, पुढे काय वाढून ठेवलंय, ते गणित मांडून कॉम्प्युटरला विचारायचं.

परवा माझ्या मार्गदर्शक मॅडम एक चित्र दाखवत होत्या आणि मला एकदम तुझी "अंगठ्याची प्लेट" आठवली. माझे केस विंचरताना तू ती गोष्ट सांगायचीस. आकाशाचा तोच कोपरा असावा असं वाटतंय. त्या प्लेटचा नंबर आठवतो का गं?

आईला माझ्याकडून एक पापी दे. तू तिथे आहेस म्हणून मी इथे निर्धास्त आहे. पंधरा दिवसांसाठी म्हणून आलीस, मग येऊन-जाऊन होतीस, आता तिथलीच झालीस. किती बरं आहे हे सगळ्यांनाच.

तुझी
टिंबू

---

१७ जून

चि. टिंबू,

तुझं पत्र आधी दादाने वाचलं, मग मी, मग मी मोठ्याने वहिनींसाठी. अल्बमच्या पानाला वहिनी हसल्या. अर्धांगानंतर त्यांच्याकडे "बरं" हा एकच शब्द उरलाय, पण त्याचे चार प्रकार आहेत, आणि जवळ बसून, ओठ बघत ऐकलं की मला ते चारही कळतात. एक बरं म्हणजे पुरे. एक म्हणजे आणखी. एक म्हणजे दुखतंय. आणि "ब-रं" असं लांबवलं की समजावं, तुमचा भाऊ काहीतरी मूर्खासारखं बोललाय.

नंबर आठवतो का म्हणून विचारतेस! प्लेट क्रमांक २३१७. स्वतःची जन्मतारीख विसरेन एक वेळ.

मी चोवीस वर्षांची होते. टेकडीवर मोठी दुर्बीण, तिच्याखालच्या तळघरात आमचं काचघर. आकाशाचा फोटो घ्यायला दुर्बिणीत रात्रभर उघड्या ठेवलेल्या काचा, म्हणजेच प्लेटा, सकाळी धुऊन, वाळवून माझ्या टेबलावर यायच्या. आकाश पारदर्शक आणि तारे काळे, कारण सगळं उलटं उमटतं. उजेडाच्या टेबलावर काच ठेवायची, भिंगातून इंच इंच बघायची, नोंदवहीत क्रमांक, तारीख, आकाशाचा भाग आणि शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा. काच धरायची ती फक्त कडेनं. तिच्यावर श्वाससुद्धा सोडायचा नाही.

२३१७ वर दोन दीर्घिका होत्या, शेजारी शेजारी. आणि दोघींच्या मध्ये राख सांडावी तसा एक फिकट पट्टा, जरासा वाकलेला. मी पळतच मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी अर्धा मिनिट भिंगातून बघितलं, मग माझ्या हातांकडे बघितलं.

"बाई, हाताला क्रीम लावता का?"

"थंडीत लावते, साहेब."

"मग हा तुमचा अंगठा."

आणि माझ्याच वहीत, लाल शाईने, त्यांनी स्वतः लिहिलं: दोष, अंगठा. शाळेत सिस्टर आम्हाला शिकवायच्या, चूक खोडून काढू नका मुलींनो. एक सरळ रेघ मारा आणि शेजारी बरोबर ते लिहा, म्हणजे चूकही दिसते आणि सुधारणाही. पण साहेबांच्या शेऱ्यावर रेघ कोण मारणार? दुसऱ्या दिवसापासून मी सुती हातमोजे घालायला लागले. छत्तीस वर्षं घातले. उन्हाळ्यातसुद्धा. सगळे मला "हातमोजेबाई" म्हणायचे. शेवटची प्लेट, क्रमांक ४१८६, मीच हातमोजे घालून कपाटात लावली. त्यानंतर नवे कॅमेरे आले आणि काचांचे दिवस संपले.

इथे सगळं ठीक. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. तिच्यावर ओलीचा एक डाग आहे. त्याचा आकार रोज थोडा बदलतो. मी त्याला नंबर दिलाय.

वहिनींनी एक विचारलंय. जवळ आलेली दीर्घिका पुन्हा सुटून जाऊ शकते का?

पत्र दादाच पोस्टात टाकतो. पाकीट चिकटवायच्या आधी एकदा वाचतो, चुका राहू नयेत म्हणून. नोंदणी कचेरीत चाळीस वर्षं काढली, कागद न तपासता पुढे गेला तर त्याला जेवण जात नाही.

तुझी
आत्या

---

२५ जुलै

आत्या,

आईने एका "बरं"मध्ये एवढा मोठा प्रश्न विचारला? कमाल आहे तिची!

उत्तर: वेगावर अवलंबून आहे. वेगात आलेली दीर्घिका सुटते. थोडी विस्कटते, एखादी शेपूट निघते, पण आपल्या वाटेने निघून जाते. हळू आलेली मात्र अडकते.

गंमत म्हणजे तारे एकमेकांवर आपटत नाहीत. त्यांच्यात अंतरंच एवढी असतात, की दोन दीर्घिका आरपार गेल्या तरी ताऱ्याला तारा लागत नाही. तरीही आकार मोडतो, कारण जवळच्या बाजूला ओढ जास्त आणि लांबच्या बाजूला कमी. जवळचे तारे ओढले जाऊन मध्ये पूल होतो. पलीकडचे मागे राहून त्यांची शेपूट होते.

आणि अडकणं कसं होतं सांगू? प्रत्येक दीर्घिकेभोवती न दिसणारं असं पुष्कळ वस्तुमान पसरलेलं असतं. त्यातून जाताना वेग गळतो. पहिल्या भेटीनंतर ती निघून गेल्यासारखी दिसते. लांब जाते, मग थांबते, मग मागे फिरते. दुसऱ्या वेळी तेवढी लांब जात नाही. तिसऱ्या वेळी त्याहून कमी. शेवटी जायला अंतरच उरत नाही. बघणाऱ्याला वाटावं कुणीतरी धरून ठेवलंय. धरलेलं कुणीच नसतं. फक्त दर खेपेला निघताना वेग थोडा कमी पडतो.

मग दोघींची मिळून एक लंबगोल, गुळगुळीत, शांत दीर्घिका होते. हात नाहीत, फाटे नाहीत. नवे तारे मात्र तिच्यात फारसे जन्माला येत नाहीत.

२३१७ ची प्रत पाठवा म्हणून टेकडीवर लिहिलंय. बघू.

टिंबू

---

९ ऑगस्ट

चि. टिंबू,

तुझं उत्तर दोनदा वाचलं. वहिनी "बरं" म्हणाल्या. कुठल्या प्रकारचं ते मला कळलं, पण लिहीत नाही.

मी मजेत आहे. सकाळी सहाला वहिनींना कुशीवर वळवायचं, आठला अंघोळ, दहाला आणि चारला औषध. मध्ये स्वयंपाक. दादा बाहेर जातो तेव्हा बाहेरून कुलूप लावतो, कारण मला बेल ऐकू येत नाही. त्याचंही बरोबर आहे.

टेकडीच्या पायथ्याशी निवृत्त लोकांसाठी आमच्या संस्थेने बांधलेल्या खोल्यांत माझी एक आहे, आठवते ना? लहानपणी तू तिथल्या पायरीवर बसून पेरू खायचीस. दादा म्हणतो, बंद खोलीचं लोणचं घालायचंय का? सोडून दे. त्याने अर्ज आणून, भरून ठेवलाय. फळांच्या परडीखाली आहे. सही तेवढी राहिलीय. पेन सापडत नाहीये.

तुझी
आत्या

ता. क. पत्र पाहिले. पेन टेबलावरच होते. दिले आहे. सगळे छान चालले आहे. – बाबा

---

२० ऑक्टोबर

आत्या! आत्या! आत्या!

अंगठा नव्हता.

टेकडीवरून २३१७ ची प्रत आली. नव्या दुर्बिणीने आम्ही आकाशाचा तोच भाग घेतला आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवली. तोच पट्टा, तोच बाक, तीच लांबी. तुझा अंगठा एका काचेवर लागू शकतो, बेचाळीस वर्षांनी आकाशाला नाही लागू शकत! तो पूल आहे, आत्या. एकीतून दुसरीत ओढल्या गेलेल्या ताऱ्यांचा आणि वायूचा पूल. आणि त्यात कोवळे, निळे तारे आहेत. ओढाताणीत वायू दाबला गेला की तिथे नवे तारे जन्मतात. चोवीस वर्षांची तू एका भिंगाने ते बघितलंस आणि तुला गप्प बसवलं.

मॅडमनी विचारलं, "ही बाई कोण?" मी म्हटलं, माझी आत्या. मग चहा पिताना मी सगळ्यांना हातमोज्यांची गोष्ट सांगितली. कुणी हसलं नाही.

बाबा फोनवर म्हणाले की तू खोली सोडतेयस. चांगलं केलंस. रिकाम्या खोलीचा घोर कशाला जिवाला? तू त्या घरात इतकी विरघळून गेली आहेस, की तुझ्याशिवाय घर कसं होतं तेच मला आता आठवत नाही.

तुझी, आनंदाने वेडी झालेली,
टिंबू

---

२ डिसेंबर

आत्या,

सहा आठवडे झाले, पत्र नाही. बाबा म्हणतात, सगळं छान चाललंय. माझं काही चुकलं का?

टिंबू

---

५ जानेवारी

चि. टिंबू,

हे पत्र दादाने वाचलेलं नाही. वहिनींना व्यायाम द्यायला येणाऱ्या बाई पोस्टात टाकणार आहेत. वहिनींचा पाय वर-खाली करता करता, माझ्याकडे न बघता, त्यांनी कागदावर लिहून पुढे सरकवलं: "पोस्टात टाकायचं काही आहे का?" किती दिवस त्यांच्या लक्षात आलं होतं कोण जाणे.

तुझं ऑक्टोबरचं पत्र वाचून मी मोरीत जाऊन, नळ सोडून रडले. आनंदाने रडले असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. राग आला. साहेबांचा नाही, ते बिचारे कधीच गेले. माझा. एका माणसाने अर्धा मिनिट बघून सांगितलं की दोष तुमच्या हातात आहे, आणि मी बेचाळीस वर्षं ते धरून बसले. पुढे ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांचंही मानलं. दादा म्हणाला, तुला ऐकू येत नाही, एकटी कशी राहशील? मानलं. वहिनी पलंगावरून घसरल्या, दादा म्हणाला तू नीट टेकवलं नव्हतंस. मानलं. मी नीट टेकवलं होतं गं.

तू जुलैत लिहिलंस ना, दर खेपेला वेग कमी पडतो? माझ्या खेपा सांगते. वहिनींना झटका आला तेव्हा पंधरा दिवसांसाठी आले. परत गेले, आठ महिने माझ्या खोलीत राहिले. मग दादाला ताप आला म्हणून दोन महिने आले. परत गेले, तीन महिने राहिले. मग कामाच्या बाई सोडून गेल्या म्हणून चार महिने. परत गेले, तीन आठवडे. त्यानंतरच्या खेपेला बॅग घेऊन बस थांब्यापर्यंत पोचले होते. दादा मागून आला, चप्पल उलटी-सुलटी घातलेली. वहिनी पडल्या होत्या. मी वळले. त्याला आता दोन वर्षं होतील. हल्ली माझी सर्वांत मोठी सफर म्हणजे कचऱ्याची टोपली दाराबाहेर ठेवणं, तीही दादा घरात असला तर.

मला कुणी कोंडलंय असं समजू नकोस. किल्ली एकच आहे आणि ती दादाच्या खिशात असते, एवढंच. दादा वाईट नाही. तो घाबरतो. वहिनींच्या खोलीत एकटा पाच मिनिटं बसू शकत नाही. वर्तमानपत्र घेऊन जातो आणि दारातूनच बातम्या वाचून परततो. त्याची माझ्यावरची माया खरी आहे. तीच तुझी ती न दिसणारी वस्तू. तिच्यातून चालताना माझा वेग गळतो.

अर्जावर मी सही केलेली नाही. पेन चार वेळा हरवलं. पण सही केली नाही तरी खोली जाणारच आहे. नियम असा आहे, की दर वर्षी एकतीस मार्चपर्यंत व्यवस्थापकांसमोर रजिस्टरात "राहते" म्हणून स्वतः सही करायची. मागची दोन वर्षं त्यांनी पत्रावर चालवून घेतलं. यंदा तसं चालणार नाही असं कळवलंय. यादीत पुढचा माणूस वाट बघतोय. तोवर मी तिथे पोचले नाही म्हणजे झालं. मग माझं म्हणून जगात एक दारही उरणार नाही.

तू काम सोडून धावत येऊ नकोस. आलीस तर मी दार उघडणार नाही. उघडता येणारही नाही म्हणा.

फक्त ते "विरघळून गेलीस" पुन्हा लिहू नकोस. त्यापेक्षा हे सांग: मोठीने लहान दीर्घिकेला गिळलं, की लहानीचे तारे पुढे ओळखू येतात का?

आत्या

---

२८ जानेवारी

आत्या,

व्यायामाच्या बाईंच्या पत्त्यावर पाठवतेय.

हो. ओळखू येतात. गिळून अब्जावधी वर्षं झाली तरी लहानीचे तारे मोठीच्या गर्दीत एका ओळीत चालत राहतात, आपल्या जुन्या चालीने. कुठून आले ते चालीवरून कळतं. आम्ही ते मोजतो.

दुसरं लिहायला आठ दिवस लागले. "तू तिथे आहेस म्हणून मी निर्धास्त" असं मी किती सहज लिहिलं. माझ्या आईचं करायला तू माझ्या जागी अडकली होतीस, आणि मी इथे बसून कोण कसं अडकतं याची गणितं करत होते. मला लाज वाटते.

टिंबू

---

१२ फेब्रुवारी
(टिंबूच्या संस्थेच्या छापील कागदावर, शिक्क्यासह)

मा. महोदय,

आमच्या संशोधनासाठी टेकडीवरील काचघरातील प्लेट क्रमांक ५२४० तातडीने आवश्यक आहे. तेथील कपाटांची मांडणी आपल्या भगिनींखेरीज कोणासही ठाऊक नाही. तरी त्यांनी मार्च अखेरपूर्वी स्वतः जाऊन सदर प्लेट शोधावी, ही विनंती. शोध पूर्ण झाल्यावर तसे लेखी कळवावे.

त्यांच्या अनुपस्थितीत आपल्या घरी सकाळी सात ते संध्याकाळी सात प्रशिक्षित मदतनीस येतील. ही व्यवस्था आपल्या कन्येने केली असून ती स्वतः एप्रिलमध्ये महिनाभर रजेवर येत आहे.

आपल्या सहकार्याची नोंद घेतली जाईल.

(सही)
विभाग प्रमुख

---

२४ मार्च

चि. टिंबूस आशीर्वाद.

तुमच्या संस्थेच्या पत्राचा मी महिनाभर विचार केला. शिक्का असलेल्या कागदाला नाही म्हणणे माझ्या रक्तात नाही. म्हणून तुझ्या आत्याला बारा तारखेला बसमध्ये बसवून दिले. दोन दिवसांत येते म्हणाली. आज बारा दिवस झाले.

तू पाठवलेल्या मदतनीस बाईंबद्दल लिहायचे आहे. त्या मला "काका" म्हणतात आणि माझ्याच हातात बादली देतात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "काका, बाहेरून कुलूप लावून गेलात तर मी खिडकीतून ओरडेन." तेव्हापासून कुलूप लावत नाही. तुझ्या आईला भरवायलाही मलाच बसवतात. म्हणतात, "तुमची बायको आहे, चावणार नाही." पहिला घास मी तिच्या गालाला भरवला. ती हसली. चार वर्षांत मी तिला इतक्या जवळून हसताना पाहिले नव्हते. मग "ब-रं" म्हणाली. हा शब्द ती अशी लांबवून का म्हणते, ते तुला ठाऊक आहे का?

एक विचारायचे होते. ही प्लेट केवढी असते? आणि शोधायला साधारण किती दिवस लागतात? संस्थेला विचारून कळव. घर फार मोठे वाटते.

सगळे छान चालले आहे.

बाबा

---

३१ मार्च

चि. टिंबू,

रोज उद्यावर ढकलत होते, शेवटी आज सकाळी सही केली. "राहते." व्यवस्थापक म्हणाले, यंदा उशीर केलात बाई, मी पुढच्या माणसाला निरोप पाठवणारच होतो. पेन त्यांनीच दिलं. या वेळी हरवलं नाही.

तुमचं ते शिक्क्याचं पत्र दादाने उभं राहून वाचलं, माझ्यासाठी मोठ्याने, वहिनींच्या पलंगाशी. "प्लेट क्रमांक ५२४०" आलं आणि माझ्या तोंडून निघणारच होतं, अरे दादा, एवढ्या प्लेटा नाहीतच मुळी! शेवटची ४१८६, मी माझ्या हाताने लावलीय. जूनमध्ये तुला तसं लिहिलंही होतं. ते पत्र दादाने तपासलं होतं, वाचलं नव्हतं. पण मी लिहिताना मोठ्याने वाचत लिहिते, आणि वहिनी ऐकत असतात. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"बरं," त्या म्हणाल्या. पाचवा प्रकार होता. आधी कधी ऐकला नव्हता.

मी दादाला म्हटलं, "हो, आठवतेय ती प्लेट. खालच्या कप्प्यात असेल, शोधावी लागेल."

पुढचा महिना कसा काढला ते विचारू नकोस. दादा रोज सकाळी म्हणायचा, आज नको, उद्या बघू. मी भिंतीवरचा डाग बघायची. निघायच्या दिवशी दोन दिवसांचे कपडे बॅगेत भरले. वहिनींनी चांगल्या हाताने पलंगाच्या कडेला असलेलं माझं कपाट दाखवलं. मी उघडलं. स्वेटर. तो भरला. पुन्हा बोट. छत्री. तीही भरली. दोन दिवसांसाठी स्वेटर आणि छत्री, दोन्ही! मग त्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला, आणि हातमोज्याशिवाय किती कळतं, ते मला तेव्हा कळलं.

बस वळणावर आली तेव्हा मी बॅग दोन्ही हातांनी धरली. मागून कुणी चप्पल फटफटत येतंय का म्हणून तीनदा वळून बघितलं. ऐकू तर येत नाहीच.

खोलीला बुरशीचा वास होता. तुझ्या पायरीवर शेजाऱ्यांचं मांजर राहायला आलंय. पहिल्या दिवशी मी आतून कडी लावली, मग काढली, मग पुन्हा लावली. आपल्या हाताने लावलेली कडी केवढी छान वाटते!

मग काचघरात गेले. आता तिथे फारसं कुणी येत नाही. २३१७ कपाटातून काढली, मोकळ्या हातांनी, कडेनं धरून. उजेडाच्या टेबलाचा दिवा अजून लागतो. भिंग लावलं. राख सांडल्यासारखा तो पट्टा तसाच होता, जरासा वाकलेला, दोघींना धरून. मी खूप वेळ बघत राहिले. नोंदवही काढली. लाल शाईचा "अंगठा" अजून ठळक आहे. मी पट्टी ठेवून त्यावर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "पूल". खाली आजची तारीख आणि सही. सिस्टरना आवडलं असतं.

मी सुटले असं अजून लिहीत नाही. चार वाजले की माझा हात आपोआप औषधाच्या बाटलीकडे जातो आणि हवेतच थांबतो. वहिनींची आठवण ओढते. सहाला जाग येते आणि कुशीवर वळवायला कुणी नसतं, तेव्हा मी स्वतःच वळते. दादाचं पत्र आलंय: हिला वरण गालातून नाही, तोंडातून भरवता यायला लागलंय, पण तू कधी येतेस? वाचून पायात चप्पल घातली होती. मग काढली.

जाणार आहेच. महिन्यातून एकदा, सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळच्या बसने परत. बॅग न घेता. वेगात गेलेली सुटते, तूच लिहिलंयस.

तू एप्रिलमध्ये येशील तेव्हा आईजवळ बस. तिचा पाचवा "बरं" शिकून घे. आणि बाबांशी भांडू नकोस. त्यांच्या हातात चमचा राहू दे.

तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग, आणि संस्थेच्या फायलीला लावायला हे माझं लेखी उत्तर. दादालाही फक्त या उत्तराची एक प्रत पाठवतेय.

प्लेट क्रमांक ५२४० अद्याप सापडलेली नाही. शोध चालू आहे. प्लेट सापडेपर्यंत मला इथेच राहावं लागेल.

तुझी
आत्या